शिलिंगाचं कार्ड, अर्ध्या पेनीचं टपाल

ते कार्ड चिकटवहीच्या मधल्या एका पानावर होतं. त्याखाली कुणीतरी निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलं होतं : 'जगातील पहिले ख्रिसमस कार्ड, 1843'. वही घेऊन आलेले काका सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या पणजोबांच्या वेळची ही वही गिरगावातलं घर आवरताना माळ्यावरून निघाली होती. काकांचे प्रश्न दोनच : हे खरं का, आणि खरं असेल तर विमा कितीचा उतरवायचा?

जुने कागद तपासणं आणि दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे नजर आधी बॉलपेनवर गेली. बॉलपेन बाजारात मिळू लागलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला. म्हणजे ही ओळ कार्डानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेली. लिहिणाऱ्याने कुठल्यातरी मासिकात चित्र पाहिलं असणार, तेच आपल्या वहीत दिसलं असणार. त्याचं अगदीच चुकलं असंही नाही, कारण चित्र तेच आहे. मधल्या चौकटीत तीन पिढ्यांचं कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसून आपल्याकडे बघत पेले उंचावतंय. एका लहान मुलाच्या तोंडालाही पेला लावलेला आहे; यावरून त्या काळी दारूबंदीवाल्यांनी चांगलीच बोंब मारली होती. दोन्ही बाजूंच्या अरुंद चौकटींत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारे लोक. सगळ्याभोवती द्राक्षवेल चढलेला लाकडी मांडव, आणि खाली सोडलेल्या कापडावर 'अ मेरी ख्रिसमस अँड अ हॅपी न्यू इयर टू यू'.

हे चित्र जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराचं. काढून घेतलं हेन्री कोलने. हा कोल म्हणजे लंडनमधला सरकारी अधिकारी. टपालसुधारक रोलंड हिलच्या हाताखाली त्याने एक पेनीच्या टपालाच्या योजनेवर काम केलं होतं, आणि पुढे 1851च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाच्या उभारणीत तो पुढे होता. हॉर्स्ली नाताळकार्डांचं चित्र घेऊन आल्याची नोंद कोलच्या रोजनिशीत 17 डिसेंबर 1843 ची आहे. सणाला उरला होता जेमतेम आठवडा. चित्र शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, छापलं, रंग हाताने भरले, आणि कोलच्या स्वतःच्या वापरातून उरलेल्या प्रती एका शिलिंगाला एक अशा विकायला ठेवल्या. एकूण प्रती साधारण हजार. त्यातल्या विसाच्या आसपास आज शिल्लक आहेत. कोलने आपल्या आजीला पाठवलेली प्रत 2001 साली इंग्लंडमधल्या लिलावात 22,000 पौंडांच्या वर गेली. हा आकडा काकांनाही माहीत होता, म्हणूनच विम्याचा प्रश्न.

पहिली पायरी मोजमापाची. मूळ कार्ड सव्वापाच इंचांना किंचित कमी लांब आणि सव्वातीन इंच रुंद, म्हणजे साधारण 130 बाय 83 मिलिमीटर. आमचं कार्ड त्याच्या आसपास होतं. पण जुळलेल्या मापावर कुणी नाचू नये. एक तर अशा वह्यांत बसवण्यासाठी कार्डांच्या कडा सर्रास कातरलेल्या असतात, आणि दुसरं म्हणजे नक्कल करणारा माप तर बरोबर घेतोच. माप साफ चुकलं तर कार्ड बाद करता येतं. जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही.

खरा निकाल भिंगाचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने तिरका पडणारा उजेड, एवढ्यावर बहुतेक प्रकरणं संपतात. हाताने भरलेल्या जलरंगाच्या सवयी ठरलेल्या असतात. रंग रेघेबाहेर थोडा सांडतो, डबक्याच्या काठासारखा कडेला गडद होतो, कुंचला उचलला तिथे टोक राहतं, आणि छापील काळसर रेघ त्या पातळ रंगाखालून सलग दिसत राहते. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि छटा दाखवायला कारागीर दगडावर हाताने ठिपके देतो. ते ठिपके वेडेवाकडे असतात, कुठे दाट तर कुठे विरळ, आणि रंगावर रंग चढलेला दिसतो. रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं ज्यांनी भिंगाखाली पाहिली आहेत त्यांना हे ठिपके समजावून सांगावे लागत नाहीत. तिसरा प्रकार ऑफसेटचा, म्हणजे हल्लीच्या यांत्रिक छपाईचा : एकसारखे, रांगेत बसलेले, चार शाईंचे ठिपके, फुलांच्या नक्षीसारखे. तसे दिसले की भिंग खाली ठेवून चहा मागवायचा.

मी मधल्या चौकटीतल्या बाईच्या कपड्यांच्या चुण्यांवर भिंग धरलं. चुणीची सावली कुंचल्याच्या फटकाऱ्याने आलेली नव्हती, ठिपक्यांनी आली होती. ठिपके वेडेवाकडे, हाताने दिलेले. मांडवाच्या एका खांबाशी तपकिरी रंग रेघेपासून केसभर सरकला होता, आणि तोच सरक पलीकडच्या खांबालाही, त्याच दिशेला. हाताने रंग भरणारा माणूस चुकतो तेव्हा दर ठिकाणी वेगळं चुकतो. सगळीकडे एकाच बाजूला चुकतो तो दगड. कागद छापखान्यात किंचित हलला की तो रंग सगळ्या चित्रभर तितकाच हलतो.

इथे प्रकरण जवळपास संपलं होतं. तरी पाण्याची चाचणी घेतली, कारण कार्ड वहीतून सोडवायचं असेल तर ती लागणारच होती. बांबूच्या काडीला कापसाचं अगदी छोटं बोंड, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडं होईपर्यंत दाबलेलं. रंगाच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्याएवढ्या जागी पाच सेकंद टेकवायचं आणि लगेच पांढऱ्या टिपकागदाने दाबायचं. हे प्रत्येक रंगासाठी वेगळं. जलरंग असेल तर टिपकागदावर डाग उमटतो. तेलाच्या छपाईशाईचा उमटत नाही. आमचा टिपकागद कोरा राहिला. बोंड ओलं राहिलं तर कार्डावर पाण्याची कड उमटते आणि ती जन्मात जात नाही. थुंकी लावून बघणारे दर्दीही मला भेटले आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मग अतिनील दिवा, 365 नॅनोमीटरचा, खोलीत पूर्ण अंधार करून. 1950च्या सुमारापासून कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालू लागले ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. कार्ड मातकट, निर्जीव पिवळट दिसलं. म्हणजे हल्लीची नक्कल नाही. यात एक गोची आहे ती सांगते. साबणाच्या पावडरीत हीच रसायनं असतात, म्हणून पांढरा सुती अ‍ॅप्रन घालून बसलात तर अ‍ॅप्रनचाच उजेड कागदावर पडतो आणि कागद चमकल्याचा भास होतो. काळा अ‍ॅप्रन घालायचा. खळीचे डागही चमकतात, त्यांना कागद समजायचं नाही.

"सोडवून मागची बाजू बघता येईल का, ताई?" काकांनी विचारलं.

कार्ड मैद्याच्या खळीने चार कोपऱ्यांना चिकटवलेलं होतं. खळ म्हणजे कसरीचं पंचपक्वान्न. एका कोपऱ्यात तिने पान कुरतडून जाळी केली होती. दोन कोपऱ्यांतली खळ इतकी कडक आणि ठिसूळ झालेली की पातळ पातं सरकवताच सुटली. पातं आडवं ठेवायचं आणि दाब कायम वहीच्या पानाकडे द्यायचा. साल निघायचीच असेल तर पानाची निघू दे, कार्डाची नको. उरलेले दोन कोपरे हटून बसले होते. त्यांच्या फटीत गोरटेक्स नावाच्या कापडाचा तुकडा आणि त्यामागे दमट टिपकागदाची पट्टी सरकवली. गोरटेक्समधून वाफ जाते, पाणी जात नाही. पाऊण तासाने खळ फुगून मऊ झाली आणि कार्ड उचललं गेलं. या पाऊण तासात दर दहा मिनिटांनी पातं लावून बघायचा मोह होतो. तिथेच कागदाचा वरचा पापुद्रा फाटतो.

मागची बाजू कोरी. पुढच्या बाजूला वर 'कुणास' आणि खाली 'कुणाकडून' या अर्थाच्या छापील जागा आहेत, त्याही कोऱ्या. हे कार्ड कुणी कुणाला पाठवलंच नव्हतं.

1881 साली लंडनच्या डी ला रू कंपनीने कोलचं कार्ड रंगीत शिळाछापात पुन्हा छापलं. आमच्यासमोरचं कार्ड छपाईच्या पद्धतीने, कागदाने आणि त्या कोऱ्या जागांनी त्या पुनर्मुद्रणाशी जुळत होतं, आणि अहवालात मी तसंच लिहिलं. काकांचा चेहरा पडला. पण मला विचाराल तर प्रथेचा उगम शोधणाऱ्याला 1843च्या प्रतीपेक्षा 1881ची प्रत जास्त सांगते. अडतीस वर्षांपूर्वीच्या एका फसलेल्या मालाची नक्कल छापून विकावी असं कंपनीला वाटलं, कारण तोवर नाताळकार्ड घरोघरी गेलं होतं आणि 'हे पहिलं कुणी काढलं?' असं लोक विचारू लागले होते.

फसलेला माल हा शब्द मी मुद्दाम वापरते. 10 जानेवारी 1840 पासून इंग्लंडात एका पेनीत पत्र कुठेही जात होतं. कोलचं कार्ड एका शिलिंगाला, म्हणजे बारा पेनींना. टपालाच्या बारापट किमतीचं कार्ड कोण घेणार? पुढच्या वर्षी त्याने नवं कार्ड काढलं नाही, आणि इतरांचेही प्रयत्न तुरळकच. विल्यम मॉ एग्ली या तरुण कलावंताचं एक कोरीव कार्ड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या सालाचा शेवटचा आकडा 2 आहे की 8 यावर पुष्कळ दिवस वाद चालला. 1842 वाचलं तर एग्ली कोलच्या आधीचा ठरतो, आणि तेव्हा तो सोळा वर्षांचा असतो. आता 1848 हेच वाचन मान्य आहे. एका आकड्याच्या वेलांटीवर 'पहिला' कोण ते ठरत होतं. माझ्या मते या वादात जेवढी शाई खर्ची पडली तेवढी दरपत्रकांवर पडायला हवी होती.

कारण प्रथा पेटली ती 1870 नंतर. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला इंग्लंडात अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं, आणि उघड्या पाकिटातला छापील मजकूरही अर्ध्या पेनीत जाऊ लागला. त्याच सुमारास रंगीत शिळाछाप, विशेषतः जर्मनीतला, इतका स्वस्त झाला की शिलिंगाचं कार्ड पेनीवर आलं. राफाएल टक कंपनीने 1871 साली नाताळकार्डं काढायला सुरुवात केली आणि 1880 मध्ये चित्रांसाठी 500 गिनींच्या बक्षिसांची स्पर्धा लावली. अमेरिकेत बोस्टनच्या लुई प्रँगने 1874 पासून हाच बाजार उभा केला. कोलने चित्र दिलं हे कबूल, पण सण टपालात घातला तो अर्ध्या पेनीने.

हे आपल्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या शुभेच्छापत्राचं पाकीट न चिकटवता त्याची जीभ आत खोचायची आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं म्हणजे टपाल स्वस्तात जायचं, ही युक्ती ज्या घरात नव्हती असं घर मी पाहिलेलं नाही. संक्रांतीच्या भेटकार्डात चार दाणे हलवा घालून पाठवायचे आणि तो शिक्क्याच्या माराखाली भुगा होऊन पोचायचा, हेही त्याच हिशेबातलं. आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं, आणि ते छापून येत होतं लंडनहून, याच डी ला रू कंपनीकडून. 1855 पासून हिंदुस्थानची तिकिटंही तीच छापत असे. नाशिकचा छापखाना 1925 मध्ये सुरू झाला तेव्हा ते काम इकडे आलं.

"म्हणजे हे कार्ड आणि पणजोबांची पोस्टकार्डं एकाच छापखान्यातली?" काकांनी विचारलं. एकाच कंपनीतली, एवढं खात्रीने सांगता येतं, मी म्हटलं. विमा नेहमीच्या घरगुती सामानाबरोबर पुरेल, त्यासाठी वेगळा हप्ता भरू नका हेही सांगितलं. कार्ड आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवलं, त्यावर पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घातलं. साधं प्लॅस्टिक आणि पीव्हीसीचे कप्पे नकोत, त्यांतून वाफा सुटतात आणि छपाई चिकटते. वहीतली रिकामी झालेली जागा तशीच ठेवली, तिथल्या खळीच्या चार खुणांसकट. बॉलपेनची ओळही खोडली नाही. तिच्या खाली 2बी पेन्सिलने तारीख आणि निष्कर्ष लिहिला.

काकांनी पान उलटलं. पलीकडे हिमाच्छादित देवळाचं कार्ड होतं, कडेला बारीक अक्षरांत 'प्रिंटेड इन जर्मनी'. परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावणारा इंग्लंडचा कायदा 1887चा, म्हणून हे बहुधा त्यानंतरचं. मी दुसरं बोंड भिजवायला घेतलं.