खेळणंच तर आहे, मग एवढं अचूक कशाला?

मी क्रोशाने डायनासोर विणते. डायनासोर आणि त्यांच्या आगेमागे पृथ्वीवर नांदून गेलेले इतर प्राणीही. माझं काम हातात घेऊन बघणारे आधी बारीकसारीक विचारतात. शेपटी जमिनीला टेकलेली का नाही? टी. रेक्सला बोटं दोनच कशी? हा हिरवा का नाही? मी सांगत जाते, आणि शेवटी गाडी ठरलेल्या ठिकाणी येते: "अहो, पण लहान मुलांचं खेळणंच तर आहे. एवढं अचूक कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

पटकन देता येण्याजोगं उत्तर म्हणजे, मुलं बघतात. डायनासोरचं वेड लागलेलं पाच-सहा वर्षांचं मूल आधी बोटं मोजतं. पण मी फक्त त्या भीतीने अचूक विणत नाही. माझं कारण क्रोशातच आहे. चित्र काढणाऱ्याला प्राण्याची पलीकडची बाजू सोडून देता येते, विणणाऱ्याला येत नाही. सहा मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या साध्या बुटक्या टाक्यांच्या, गोलापासून सुरुवात होते, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवत गेलं की सपाट चकती होते, वाढवणं थांबवलं की नळी उभी राहते, दोन टाक्यांचा एक करत गेलं की ती मिटत जाते. टाके कुठे वाढवायचे आणि कुठे कमी करायचे हे दर फेरीला ठरवावं लागतं, म्हणजेच या प्राण्याचं पोट कुठे सुरू व्हायचं, खांदा किती रुंद होता, शेपटीचं बूड किती जाड होतं, हे ठरवावं लागतं. काहीतरी तर विणावंच लागणार आहे, मग जे होतं ते का विणू नये?

टी. रेक्सचंच बघा. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात 1915 साली त्याचा सांगाडा उभा केला तो ताठ, शेपटी जमिनीवर टेकवून. पुढे कित्येक पिढ्यांनी खेळण्यांत, पुस्तकांत तोच बघितला. त्याच संग्रहालयाने 1990च्या दशकात सांगाडा उतरवून नव्याने मांडला, पाठ आणि शेपटी जमिनीला समांतर. बाजारातली खेळणी मात्र अजून बरीचशी जुन्या पद्धतीने बसलेली असतात, कारण शेपटी टेकवली की तिसरा पाय मिळतो आणि खेळणं पडत नाही. विणणाऱ्यालाही हा मोह होतोच.

मी त्याला दोनच पायांवर उभा करते. जमतं ते शेपटीमुळे. टी. रेक्सच्या शेपटीच्या बुडातून एक भलामोठा स्नायू निघून मांडीच्या हाडाला जोडलेला असे, पाय मागे खेचायची ताकद त्यातून यायची. त्यामुळे शेपटी कमरेपाशी जवळजवळ धडाइतकीच जाड होती. वेगळा शंकू विणून मागे शिवून टाकला तर ही जाडी येत नाही, शिवणीपाशी शेपटी खाली वाकते आणि प्राणी नाकावर आपटतो. म्हणून मी शेपटीच्या टोकापासून सुरुवात करते आणि एकसलग थेट नाकापर्यंत विणत जाते. टोकाला सहा टाके, मग दोन-दोन फेऱ्यांनी एकच टाका वाढवायचा. वाढवलेले टाके एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर शेपटीवर कंगोरा उठतो. कमरेपर्यंत आलं की वाढ फक्त पोटाच्या बाजूला करायची. पाठ सरळ राहते आणि पोट खाली धरतं. भरताना शेपटीत कापूस ठासून भरायचा, डोक्यात हलक्या हाताने. तळव्यांत प्लास्टिकची पातळ चकती घातली आणि पाय कमरेच्या किंचित पुढे शिवले की तो उभा राहतो. पहिल्यांदा असा उभा राहिला तेव्हा मला खूप आनंद झाला होता. आपण टेकू दिलेला नाही, तरी तो उभा आहे, आणि त्याच्या खऱ्या शरीराचा तोल ज्या शेपटीने सांभाळला तिनेच हाही सांभाळलाय, हे हाताला कळतं.

हातांचंही असंच. या जातीच्या शिकारी डायनासोरांना तळवे जमिनीकडे वळवता येत नसत, ते एकमेकांकडे तोंड करून असायचे, टाळी वाजवताना असतात तसे. शिवताना हात पाव वळसा फिरवून लावायचा, एवढंच. जास्तीची लोकर लागत नाही, जास्तीचा वेळ लागत नाही. चुकीचं शिवायला जेवढे कष्ट तेवढेच बरोबर शिवायला. अशा ठिकाणी "खेळणंच तर आहे" हे मला पटत नाही.

आता रंग. डायनासोरचा रंग कुणाला माहीत, काहीही चालेल, असं लोक म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे आणि तिथे मीही मनसोक्त रंग वापरते. पण काहींचा रंग माहीत आहे! चीनच्या लिआओनिंग प्रांतातून 1996 साली जगापुढे आलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स हा अंगावर पिसांसारखे तंतू असलेला छोटा डायनासोर. त्याच्या तंतूंत रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांचे ठसे टिकून राहिले होते. 2010 साली त्यांच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा तांबूस तपकिरी होता आणि शेपटीवर फिकट पट्टे होते. पुढे 2017च्या अभ्यासात डोळ्यांभोवतीचा गडद पट्टा आणि फिकट पोटही कळलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या शेपटीवरचे पट्टे माझ्या सुईवर उतरतात, यापुढे हिरवी लोकर घ्यायची इच्छाच होत नाही.

हे पट्टे विणायला मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. आपण गोलात विणतो ते खरं तर गोल नसतं, मळसूत्रासारखं चढत जातं. त्यामुळे रंग बदलला की पट्ट्याची दोन टोकं जुळत नाहीत, पायरी दिसते. त्यावर उपाय असा. जुन्या रंगाच्या शेवटच्या मुक्या खांबाचा शेवटचा वेढा नव्या रंगाने घ्यायचा. मग नव्या रंगाचा पहिला टाका मुका खांब न घेता नुसता ओढून काढायचा, म्हणजे तो बुटका राहतो आणि पायरी बसते. पुढच्या फेरीत त्यावर नेहमीसारखा मुका खांब. शिवाय टाके हळूहळू तिरके सरकत जातात, त्यामुळे रंग बदलायची जागा शेपटीच्या खालच्या अंगाला राहतेय ना ते बघत राहायचं, गरज पडली तर एखादा टाका पुढे जाऊन बदलायचं. सगळं विणून, भरून झालं की तारेच्या ब्रशने हलके हलके पिंजायचं. ॲक्रिलिकची लोकर छान फुलते, टाके धुक्यात गेल्यासारखे पुसट होतात आणि अंगावर तंतू उभे राहतात. तंतूवाल्या डायनासोरसाठी लोकरीपेक्षा योग्य दुसरं काय असणार! युटिरॅनस हा टी. रेक्सचा नातेवाईक नऊ मीटर लांब होता आणि त्याच्याही अंगावर असे तंतू होते. टी. रेक्सच्या कातडीचे जे ठसे मिळालेत त्यांत मात्र बारीक खवले आहेत, म्हणून त्याला मी पिंजत नाही.

स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या पाट्यांबद्दलही विचारतात. त्याच्या पाठीवर 17 ते 22 पाट्या असत, दोन रांगांत, पण जोडीजोडीने नव्हे तर आलटून पालटून. खेळण्यावर मी नऊच लावते, नाहीतर मुलाला तो कुशीत घेता यायचा नाही. पण आलटून पालटूनच. पाटी सपाट राहायला टाके मोजूनमापून वाढवावे लागतात. गरजेपेक्षा जास्त वाढवले की कडेला झालर पडते. या झालरीचं गणित फार सुंदर आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती डाइना तायमिन्या यांनी 1997 साली नेमक्या याच गुणाचा उपयोग करून हायपरबोलिक प्रतल, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वळत जाणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवलं, जे कागदावर नीट दाखवता येत नव्हतं. स्टेगोसॉरसच्या पाटीवर मात्र झालर नको.

पाण्यातले प्राणी डायनासोर नव्हेत, हे मी खेळणं देताना सांगतेच. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर हे समुद्रातले सरपटणारे प्राणी, टेरोसॉर हे उडणारे. आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर पहिल्या डायनासोरच्या कितीतरी आधी संपला, आणि त्याचं नातं सरड्यांपेक्षा तुमच्याआमच्याशी जवळचं आहे. टेरोसॉरचा पंख वटवाघळासारखा अनेक बोटांवर ताणलेला नव्हता, एकट्या चौथ्या बोटावर होता. म्हणून मी एक लांबच लांब बोट विणून त्याला पंखाचा पडदा जोडते आणि पुढे तीन छोटी बोटं मोकळी ठेवते. इक्थिओसॉर दिसतो डॉल्फिनसारखा, पण त्याची शेपटी माशासारखी उभी. शिवताना ती आडवी लागली तर झाला डॉल्फिन. हे प्राणी अंडी घालत नसत, पिल्लांना जन्म देत, पोटात पिल्लं असलेल्या माद्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मी आईच्या पोटाला खालून एक फट ठेवते आणि आत करंगळीएवढं पिल्लू. ते पिल्लू बाहेर काढताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असते. (अगदी लहान मुलांसाठी मात्र सुटं पिल्लू नाही, आणि डोळेही प्लास्टिकचे नाहीत, दोऱ्याने भरलेले.)

एलास्मोसॉरस या प्लेसिओसॉरच्या मानेत 72 मणके होते. एवढी लांब मान हंसासारखी वर वळवून ठेवलेली खेळणी पुष्कळ दिसतात. पण ती मान तशी वर उचलून धरता येण्याजोगी नव्हती, समोर सरळ असायची. विणणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं, तार घालावी लागत नाही. एडवर्ड कोप या अमेरिकेतल्या नामांकित शास्त्रज्ञाने 1860च्या दशकाअखेरीस याच प्राण्याचं डोकं शेपटीच्या टोकाला लावलं होतं, जोसेफ लायडी यांनी ते दाखवून दिलं. एलास्मोसॉरसचे दोन्ही शंकू विणून टेबलावर ठेवले की कुठला मानेचा आणि कुठला शेपटीचा हे मला दर वेळी टाके मोजूनच बघावं लागतं, त्यामुळे कोपबद्दल मला जवळीक वाटते.

आता मी काय सोडून देते तेही सांगायला हवं. डोकं मी खऱ्यापेक्षा मोठं करते, कारण मूल आधी चेहऱ्याशी बोलतं. दात नाहीत, असलेच तर पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके. नखं मऊ. खऱ्या प्रमाणात केला तर टी. रेक्सच्या शेजारी उभ्या व्हेलॉसिरॅप्टर या छोट्या शिकारी डायनासोरची उंची बोटभर राहील, म्हणून तेही जुळवत नाही. माप बदललं तर प्राणी बदलत नाही. सांधे, शेपटीची दिशा, बोटांची संख्या बदलली की तो दुसराच कुणीतरी होतो, ज्याचा कधी जन्मच झाला नाही. मुलाला कुशीत घेऊन झोपायला मी जे देणार ते खरोखर कधीतरी या जमिनीवर चाललेलं असावं, असं मला वाटतं. माझा आग्रह एवढाच आहे.

यावर कुणीतरी म्हणतंच, "शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात, मग तुमची अचूकता किती दिवस टिकणार?" पाठीवर शीड असलेला शिकारी डायनासोर स्पायनोसॉरस हे त्याचं उदाहरण. इजिप्तमधल्या हाडांवरून 1915 साली त्याला नाव मिळालं. ती हाडं म्यूनिकच्या संग्रहालयात होती, 1944च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. मग मोरोक्कोत मिळालेल्या हाडांवरून 2014 साली कळलं की मागचे पाय आखूड होते, आणि 2020 साली शेपटी समोर आली, उंच, चपटी, वल्ह्यासारखी. तो पाण्यात बुडी मारून शिकार करायचा की काठावरून, हा वाद अजून चालू आहे. पण शेपटी हाताशी आहे, तेव्हा मी पॅटर्न बदलला.

अशी बातमी आली की मला उत्साहच येतो. क्रोशाची गंमत अशी की उसवलं तरी लोकर वाया जात नाही. तुमच्याकडे गोल शेपटीचा स्पायनोसॉरस असेल तर तो टाकू नका. शेपटी उसवायचीही गरज नाही. शेपटीच्या पाठीवर मधोमध एक रांग धरून मुके खांब उचला, त्यावर खांबांच्या दोन-तीन ओळी घाला, मधल्या भागात दुहेरी खांब घेऊन उंची वाढवा, टोकाकडे पुन्हा आखूड होत जा. टाके वाढवू नका, झालर पडेल. मग खालच्या बाजूने तेच, पण थोडं बुटकं. आत कापूस भरू नका. दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून सपाट करा, ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा, आणि सकाळी मुलाला सांगा की याची खरी शेपटी मिळाली.