मिरजेहून सिंफनी ऐकायला

आमचे काका चाळीस वर्षं मिरजेत तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढतात, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार नीट करतात. सत्तर-ऐंशी वाजवणारी माणसं एका सुरात मिळतात कशी, हे त्यांना एकदा समोर बसून ऐकायचं होतं. फेब्रुवारीत जमलं. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारी मंडळी, मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्राची. २००६ साली खुश्रू संतुक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी ती उभी केली. तिचे सीझन वर्षातून दोन, एक वर्षाच्या सुरुवातीला आणि दुसरा सप्टेंबरच्या आसपास. तारखा एनसीपीएच्या वेबसाइटवर येतात, तिकिटं तिथे किंवा बुकमायशोवर मिळतात.

जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री मिरजेला बसलो, सकाळी सीएसएमटी. तिथून भुयारी मेट्रोनं तिसरं स्टेशन विधान भवन, पुढे नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत टॅक्सी केली. परतीचं मात्र आधी ठरवून ठेवा. कार्यक्रम संध्याकाळी सातचा, संपायला नऊ होतात, तोवर महालक्ष्मी निघून गेलेली असते. दादरहून रात्रीची सांगलीची खासगी बस किंवा एक मुक्काम करून सकाळची कोयना एक्स्प्रेस. काकांच्या गुडघ्यांमुळे आम्ही मुक्काम केला.

एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर ११०९ खुर्च्यांचं आहे आणि सिंफनीला, म्हणजे सगळ्या वाद्यांनी मिळून वाजवायच्या लांब रचनेला, माइक लावत नाहीत. लाकूड, तार आणि फुंकर यांचा जो मूळ आवाज असतो तोच कानावर येतो. स्पीकरच्या भिंतीसमोर बसून कान किटलेल्या आपल्यासारख्यांनी एवढ्यासाठीसुद्धा जावं. पुढच्या महाग तिकिटांच्या मागे लागू नका. बाल्कनीतून सगळा ताफा दिसतो, आवाजही एकजीव होऊन वर येतो. एसी कडक असतो, शाल न्या.

आणि साडेसहालाच जाऊन बसा. सुरुवातीला जो तो आपापलं वाजवत असतो, नुसता कल्लोळ. मग मुख्य व्हायोलिनवादक उभा राहतो, सगळं शांत होतं आणि ओबो एकच सूर धरतो. ओबो म्हणजे सनईसारखंच तोंडाशी पत्ती असलेलं वाद्य. काका पुटपुटले, "पांढरी सहा." म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. त्या एका सुरावर आधी फुंकीची वाद्यं आली, मग तारांची. कुणी खुंटी पिळतोय, कुणी कान लावून बसलाय, आणि बघता बघता सगळे तिथे पोचले. काकांनी डोळे मिटले होते. पूर्ण मिळालेला तंबोरा हातात आला की त्यांचा चेहरा तसाच होतो.

मध्यंतरानंतर द्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी होती, अमेरिकेत लिहिलेली, १८९३ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजलेली. तिचे चार भाग असतात. भाग संपला की टाळी वाजवायची नाही, चौथा संपेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे जागेला दाद द्यायची सवय, त्यामुळे हे जड जातं. पण दोन भागांमधली ती शांतता ऐकाच. दुसऱ्या भागात ओबोच्याच जातीचं, जरा खालच्या आवाजाचं वाद्य, कोर आंग्ले, एकटं गायला लागलं: ग प प, ग रे सा. काकांनी माझा हात दाबला. "अगं, भूप! काळी एकचा." म्हणजे भूप राग, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून.

निघण्यापूर्वी घरी ही सिंफनी दोन-तीनदा ऐकून जा, यूट्यूबवर आहे. तशी मी ऐकून गेले होते, म्हणून एका माणसावर लक्ष ठेवता आलं. या सबंध सिंफनीत झांज फक्त एकदा वाजते, चौथ्या भागात आणि तीही हलकेच. चाळीसेक मिनिटांच्या कामात त्याचा हात तेवढाच. तो क्षण जवळ आला तसा तो सावकाश उठला, झांजा एकमेकींवरून जेमतेम घासल्या आणि आवाज विरेपर्यंत तशाच हवेत धरून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कोयनेत साताऱ्यापर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "सप्टेंबरचं तिकीट काढ. वरचंच काढ."