७१०७ चा व्होल्टमीटर: शेवटचा अंक स्थिर झाला

साडेतीन अंकी (म्हणजे १९९९ पर्यंत दाखवणाऱ्या) व्होल्टमीटरचं काम आता लिहून ठेवण्याजोग्या टप्प्यावर आलंय. आयसीएल ७१०७ ही चिप, लाल सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, ० ते २० व्होल्ट रेंज. घरी बनवलेल्या बेंच पॉवर सप्लायच्या दर्शनी पट्टीवर हा बसणार आहे. १० व्होल्ट दिले की १०.०० दिसतं आणि मुख्य म्हणजे ते तिथेच थांबतं, शेजारी कूलर घरघरत असतानाही. त्यासाठी मूळ सर्किटमध्ये जे बदल केले, ते आपल्या देशात ही चिप जोडणाऱ्या प्रत्येकाने करायला हवेत असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी, हीच चिप का? आर्डुइनोवर हे काम पटकन होतं असं मित्र सांगतात. होतं, पण आर्डुइनो उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्यांचा. ७१०७ मध्ये ० ते १९९९ अशा २००० पायऱ्या मिळतात, शिवाय उणे चिन्ह, आपोआप शून्य जुळवणं आणि डिस्प्ले चालवणारं सगळं सर्किट त्याच ४० पिनांच्या आयसीत. प्रोग्राम एका ओळीचाही नाही. पिवळ्या रंगाचे स्वस्त डीटी ८३० मल्टिमीटर आपण सगळ्यांनी वापरलेत. त्यांच्यात काळ्या थेंबाखाली जी चिप असते ती हिच्याच एलसीडीवाल्या भावाच्या, म्हणजे ७१०६ च्या, जातीची.

या चिपची मोजण्याची रीत मला फार आवडते. आधी १००० काउंट (काउंट म्हणजे मोजणीची एक पायरी) एवढा ठरलेला वेळ अनोळखी व्होल्टेज एका कपॅसिटरवर साठवत जायचं. मग उलट दिशेने ओळखीचं रेफरन्स व्होल्टेज लावून तोच कपॅसिटर रिकामा करायचा आणि त्याला किती काउंट लागले ते मोजायचं. तेच आपलं रीडिंग: इनपुट भागिले रेफरन्स गुणिले १०००. गंमत अशी की कपॅसिटर ०.२२ ऐवजी ०.२१ मायक्रोफॅरडचा निघाला किंवा क्लॉक थोडं इकडेतिकडे असलं, तरी उत्तर बदलत नाही. तराजू खोटा असला तरी त्याच पारड्यात आधी माल आणि मग वजनं ठेवली, तर माप खरंच निघतं, तसंच हे. अचूकता सगळी रेफरन्सवर येऊन उभी राहते.

सामान इथे नागपुरात बर्डीतच (सीताबर्डीत) मिळालं. मोदी नंबरच्या गल्ल्यांत चिप, सॉकेट, कॉमन ॲनोडचे एलटी ५४२ डिस्प्ले, ७६६० आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर एका फेरीत जमले. इंटिग्रेटरच्या, म्हणजे व्होल्टेज साठवणाऱ्या, ०.२२ च्या कपॅसिटरसाठी मात्र हिंडावं लागलं. दुकानातले काका म्हणाले, "पॉलिस्टरच घेऊन जा न भाऊ, काही फरक नाही पडत." मी दोन्ही घेतले, कारण फरक पडतो की नाही हे बघायचंच होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. +५ व्होल्ट ७८०५ या रेग्युलेटरमधून, −५ व्होल्ट ७६६० मधून (ही आयसी +५ चे −५ करते). डिस्प्लेचा करंट सगळा +५ कडून येतो, त्यामुळे ७६६० वर काहीच भार नाही. दहा मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पुरतात. सेगमेंटना रेझिस्टर लागत नाहीत, चिपच प्रत्येकाला सुमारे ८ मिलिअँपिअर ओढते. डावीकडच्या अंकाचे बी आणि सी सेगमेंट दोन्ही १९ नंबरच्या पिनवर, उणे चिन्हासाठी त्याच अंकाचा जी सेगमेंट २० वर. दशांश चिन्ह चिप चालवत नाही, ते ३३० ओहमातून थेट ग्राउंडला. वायरिंग झालं की ३७ नंबरची टेस्ट पिन १ नंबरला टेकवून बघायची; −१८८८ पेटलं की सगळे सेगमेंट बरोबर जोडले गेले.

आता मुख्य मुद्दा. चिपच्या डेटाशीटमध्ये आणि तिथून उतरवलेल्या बहुतेक सर्किटांत ऑसिलेटरला १०० किलोओहम आणि १०० पिकोफॅरड दिलेले असतात. त्यातून अंदाजे ४८ किलोहर्ट्झ क्लॉक आणि सेकंदाला ३ रीडिंग मिळतात. एका काउंटला क्लॉकचे ४ ठोके लागतात, म्हणजे १००० काउंटचा साठवण्याचा वेळ ८३.३ मिलिसेकंद. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. ६० हर्ट्झच्या विजेचे बरोबर ५ फेरे त्यात बसतात, अधिक-उण्या अर्ध्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि वायरींवर चढलेला घरातल्या विजेचा हम रीडिंगमध्ये उतरत नाही. अमेरिकेत हे चोख चालतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ८३.३ मिलिसेकंदात तिचे ४.१७ फेरे बसतात आणि वरचा तुकडा उरतोच.

तो किती उरतो याचा हिशोब केला. ४.१७ फेऱ्यांवर हमचा जास्तीत जास्त सव्वीसावा भाग आत शिरतो. चिपच्या इनपुटला १० मिलिव्होल्ट हम पोचत असेल तर सुमारे ०.३८ मिलिव्होल्ट. बाहेरचे २० व्होल्ट इनपुट डिव्हायडरने (दोन रेझिस्टरांच्या जोडीने) शंभरेक पट कमी होऊन चिपपर्यंत २०० मिलिव्होल्ट पोचतात; या स्केलवर एक काउंट ०.१ मिलिव्होल्टचा, म्हणजे शेवटचा अंक जवळपास ४ काउंट वर आणि ४ काउंट खाली नाचणार. इनपुटला १ मेगओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचं फिल्टर असतं, पण ते ५० हर्ट्झला फक्त तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणतं. ब्रेडबोर्डवर मला नेमकं हेच दिसत होतं. कूलर बंद असताना १०.०० आणि १०.०१ मध्ये खेळ, कूलर लावून टेस्ट लीड त्याच्या वायरजवळून नेली की ९.९७ ते १०.०३. कूलरचं बटण चालू-बंद करत डिस्प्लेकडे बघत बसलं की कारण स्वच्छ कळतं.

उपाय डेटाशीटमध्येच एका ओळीत आहे: ५० हर्ट्झसाठी क्लॉक ५० किंवा ४० किलोहर्ट्झ ठेवा. मी ४० घेतलं. साठवण्याचा वेळ बरोबर १०० मिलिसेकंद होतो, त्यात ५० हर्ट्झचे ५ फेरे बसतात आणि ६० चे ६. रीडिंग सेकंदाला अडीच येतात, पॉवर सप्लायला तेवढी भरपूर झाली. १०० किलोओहमच्या सिरीजमध्ये ५० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) टाकला, फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर ३८ नंबरच्या पिनवर धरला आणि ४०.० वर आणून ठेवलं. शंभर पिकोफॅरड चांगल्या प्रतीचा घ्या, साधा सिरॅमिक तापमानाबरोबर सरकतो.

एक शंका मलाही होती: आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी तरी कुठे नेमकी ५० असते? ग्रिड कोडमध्ये ४९.९० ते ५०.०५ असा पट्टा दिलाय. ४९.९० धरली तर १०० मिलिसेकंदात ४.९९ फेरे होतात आणि हमचा सुमारे पाचशेवा भाग आत येतो. त्याच १० मिलिव्होल्टचे ०.०२ मिलिव्होल्ट उरले, एका काउंटच्या पाचव्या हिश्शाएवढे. प्रीसेट फिरवून ४० वर येताच शेवटचा अंक थांबला. लीड कूलरच्या वायरवर गुंडाळूनही हलेना. आजवर जोडलेल्या सर्किटांत इतक्या छोट्या बदलाने इतका मोठा फरक पडलेला मी बघितला नव्हता. चारेक रुपयांचा प्रीसेट!

क्लॉक हळू केलं की इंटिग्रेटरचा झोका वाढतो, तेही तपासून घ्यावं. ४७ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडवर पूर्ण स्केलला तो १.६ व्होल्टांवरून १.९ वर गेला. ±५ व्होल्टच्या सप्लायवर आणि ३२ नंबरची कॉमन पिन ग्राउंडला जोडलेली असताना ±३.५ पर्यंत जागा आहे, त्यामुळे बाकी किंमती बदलल्या नाहीत.

ब्रेडबोर्डवरून जनरल पर्पज बोर्डावर आणताना ग्राउंडचा विचार आधी केला. १०.०० दिसताना २० सेगमेंट पेटतात, म्हणजे २१ नंबरच्या पिनमधून १६० मिलिअँपिअर. त्या वाटेत ०.०५ ओहम जरी असला तरी ८ मिलिव्होल्ट पडतात, ते ८० काउंट झाले. तीच वाट इनपुटच्या ग्राउंडने वापरली तर जे दिसेल त्याला अर्थ नाही. म्हणून ३०, ३२ आणि ३५ नंबरच्या पिना, इनपुट डिव्हायडर आणि रेफरन्स यांची वेगळी वायर ७८०५ च्या ग्राउंड पायापर्यंत नेली. डिस्प्लेचा जाड वायरचा रस्ता वेगळा.

मग उन्हाळा आला. नागपुरात मीटर बनवायचा तर मे महिन्याचा विचार सोडून चालत नाही. चिपच्या आतला रेफरन्स दर अंशाला साधारण ८० पीपीएम (दशलक्षात ८० भाग) सरकतो. फेब्रुवारीच्या सकाळी खोलीत २४ अंश, नवतप्यात दुपारी ४२. अठरा अंशांचा फरक म्हणजे ०.१४ टक्का, १९ व्होल्टच्या रीडिंगवर जवळपास ३ काउंट. यात चिप स्वतः तापते ते वेगळंच. १००० दिसताना २० सेगमेंट, ११११ दिसताना फक्त ८. एका सेगमेंटमागे चिपमध्ये सुमारे २६ मिलिवॅट जळतात, म्हणजे कुठला आकडा दिसतोय त्यावर चिपचं तापमान आणि त्यावर पुन्हा तो आकडा अवलंबून. हे मला अजिबात पटण्यासारखं नव्हतं.

दोन गोष्टी केल्या. डिस्प्लेच्या ॲनोडच्या वाटेत एक १एन ४००७ डायोड टाकला, ०.७ व्होल्ट तिथे पडतात आणि चिपमधली उष्णता पाचव्या हिश्शाने कमी होते, उजेडात फरक कळत नाही. आणि रेफरन्स बाहेर काढला: १.२३५ व्होल्टचा एलएम ३८५, +५ कडून १० किलोओहमातून. त्याच्यापुढे ११ किलोओहम, मग २०० ओहमचा दहा फेऱ्यांचा ट्रिमपॉट, मग ८२० ओहम ग्राउंडला. ट्रिमपॉटच्या मधल्या पायावर साधारण ८४ ते १०५ मिलिव्होल्ट मिळतात. एलएम ३८५ चिपपासून आणि ७८०५ च्या हीटसिंकपासून लांब, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसवलाय.

इथेच इनपुट डिव्हायडरची एक सोय सांगतो. २० व्होल्टसाठी १०० पट कमी करायचं तर ९९० किलोओहम शोधावा लागतो. त्याऐवजी सरळ १ मेगओहम आणि १० किलोओहम लावा. भागाकार १०१ चा होतो, आणि रेफरन्स १०० ऐवजी ९९ मिलिव्होल्टवर ठेवला की तो फरक आपोआप भरून निघतो. रेझिस्टरांची एक टक्क्याची चूकही त्याच ट्रिमपॉटात सामावते.

आता कपॅसिटर. रेफरन्सची ३६ नंबरची पिन आणि इनपुटची ३१ नंबरची पिन एकत्र जोडली की रीडिंग १००० यायला हवं, कारण दोन्ही व्होल्टेज एकच. ही तपासणी फुकटची आहे आणि फार बोलकी आहे. पॉलिस्टर लावून ९९८ आलं, पॉलिप्रॉपिलीन लावून १०००, कधी ९९९. पॉलिस्टरमध्ये रिकामा झाल्यावरही थोडा चार्ज डायलेक्ट्रिकमध्ये अडकून राहतो, तोच हा फरक. काकांना पुढच्या फेरीत हे सांगितलं, तर त्यांनी आकडे एका चिठ्ठीवर उतरवून घेतले. ऑटो झिरोचा ०.४७ आणि रेफरन्सचा ०.१ मात्र पॉलिस्टर चालतात, तिथे पैसे घालवू नका.

कॅलिब्रेशन एका मित्राच्या लॅबमधल्या साडेचार अंकी बेंच मीटरशी केलं. मीटर अर्धा तास चालू ठेवून तापू दिला, १९.०० वर ट्रिमपॉट जुळवला, मग खाली उतरत गेलो. १०.००, ५.००, १.००, सगळीकडे एका काउंटच्या आत. लीड उलट्या करून −१९.०० बघितलं तर १८.९९ आणि १९.०० मध्ये राहिलं, म्हणजे रोलओव्हरही (अधिक आणि उणे रीडिंगमधला फरक) एका काउंटचाच. शून्यावर ०.००, कधीमधी पुढे उणे चिन्ह चमकून जातं. ते या चिपमध्ये ठीकच आहे. भर दुपारी, खोली तापलेली असताना पुन्हा तोच १९ व्होल्टचा सोर्स लावून पाहिला, १९.००.

पुढचं काम करंटच्या मीटरचं. ०.१ ओहमचा शंट (करंटच्या वाटेत टाकायचा छोटा रेझिस्टर), दुसरी ७१०७, तेच २०० मिलिव्होल्टचं स्केल. पूर्ण स्केलला २ अँपिअर. त्यात डिव्हायडर नसल्यामुळे रेफरन्स बरोबर १०० मिलिव्होल्टवर ठेवावा लागेल, आणि शंटच्या दोन्ही टोकांपासून मोजण्याच्या वायरी वेगळ्या आणाव्या लागतील. दोन्ही चिपांना एकच एलएम ३८५ वापरायचा विचार आहे, फक्त तिथले १० किलोओहम थोडे कमी करून करंट वाढवेन. शंटसाठी मँगॅनिनची तार कोणी नागपुरात घेतली असेल तर दुकान कळवा.