खरं गांडूळ असताना रबरी कशाला?

"जिवंत गांडूळ मिळत असताना हे प्लास्टिकचं विकत का घेता? आणि माशाला कळत नाही का ते खोटं आहे?"

मी बास मासा धरायला जाते हे कळलं की लोक हेच विचारतात. डॅलसच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत विचारतात. पुण्याहून मुलाकडे आलेले काका गाडीच्या डिकीतलं सामान बघून विचारतात. काकांच्या आवाजात थोडी कीवही असते, की चांगली शिकलीसवरलेली बाई रबराच्या अळ्यांवर डॉलर उधळतेय. रांगेत उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आता बसून देते.

खरं गांडूळ फुकट मिळतं हा समज आधी काढते. इथे तलावाजवळच्या पेट्रोल पंपावर गांडुळंही विकतच मिळतात. डबीत, मातीसकट, थंड पेयांच्या फ्रिजमध्ये. तेव्हा पैसे दोन्हीकडे जातात.

आता माशाला कळतं का? कळतं, पण तोंडात घेतल्यावर. लार्जमाउथ बास घास चावून खात नाही. तो एकदम जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत खेचतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं, घास आत राहतो. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. माशाला हात नाहीत. समोरची वस्तू खायची आहे की नाही हे ठरवायचं तर ती तोंडात घेऊनच बघावी लागते. लाकडाचं किंवा कडक प्लास्टिकचं काही लागलं की तो तिथल्या तिथे थुंकतो. मऊ लागलं तर जरा रेंगाळतो. त्यात मीठ मुरवलेलं असेल तर आणखी थोडा. हे रेंगाळणं म्हणजे फार तर एक-दोन सेकंद, पण दोरीतून आलेली टकटक बोटांना कळून काठी उचलायला तेवढी पुरतात. मी पैसे मोजते ते त्या सेकंदांचे.

तरीही हे अर्धंच उत्तर झालं. खरं गांडूळ तर मऊही असतं आणि चवीचंही. मग रबरी का, हे समजायला बास राहतो कुठे ते बघायला हवं.

टेक्सासमधले बहुतेक मोठे तलाव धरणांचे आहेत. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचा जलाशय आहे, बास धरणाऱ्यांची पंढरीच. 1980 मध्ये त्यात पाणी अडवलं तेव्हा खोऱ्यातली बरीचशी झाडं न तोडता तशीच बुडू दिली. आज पाण्यावर राखाडी खोडांची टोकं दिसतात, खाली फांद्यांचं जाळं, आणि कडेने हायड्रिला नावाच्या पाणगवताची दाटी. बास या अडगळीतच दबा धरून बसतो. मोकळ्या पाण्यात त्याला शोधणं म्हणजे बहुतेक वेळा उन्हात उगाच उभं राहणं. आणि त्या फांद्यांमध्ये खरं गांडूळ लावलेला उघडा गळ टाका. पहिल्याच फेकीत तो लाकडात रुततो. तोडा दोरी, बांधा दुसरा. त्यातून वाचलाच तर चिमुकले सनफिश येऊन गांडूळ कुरतडून नेतात आणि तुमच्या हाती रिकामा गळ येतो.

रबरी अळीत गळाचं टोक लपवता येतं. माझ्या लेखी तिचा सगळ्यात मोठा गुण हाच. ती खऱ्यासारखी दिसते का, हा प्रश्न त्याच्या खूप मागे येतो.

या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात. पाण्याकाठी कुणी विचारलं तर मी करूनच दाखवते, इथे शब्दांत सांगते. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं. शिशाचं चालतं, टंगस्टनचं महाग पण बरं. वजन साधारण पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम. मग गळ बांधायचा, मानेपाशी पायरीसारखा वाकवलेला असतो तो, सात इंची अळीला तीन-शून्य किंवा चार-शून्य मापाचा. अळीच्या नाकात टोक सरळ अर्धा सेंटिमीटर घुसवायचं, बाजूने बाहेर काढायचं आणि गळ ओढत ओढत त्याचा डोळा, म्हणजे दोरी बांधायचं भोक, नाकात शिरेपर्यंत आणायचा. मग गळ फिरवायचा आणि अळी त्याच्या शेजारी सैल लोंबती धरायची. गळाचा बाक जिथे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करायची आणि बरोबर त्या जागी टोक आरपार काढायचं. शेवटी अळी केसभर पुढे सरकवून टोक तिच्या पाठीच्या कातडीखाली हलकेच अडकवायचं, निऱ्यांमध्ये सेफ्टी पिन खोचतो तसं. वरून बोट फिरवलं तर टोचता कामा नये, पण दाबलं तर लगेच वर आलं पाहिजे.

नखाची ती खूण चुकली की अळी वाकडी बसते. वाकडी अळी पाण्यात गरगरते, गरगरली की दोरीला पीळ पडतो. नवशिक्यांचं बहुतेक सगळं इथेच बिघडतं. ते दोष देतात अळीच्या रंगाला.

टाकल्यावर करायचं काय? फारसं काहीच नाही. अळी तळाला जाऊ द्यायची, काठीचं टोक थोडं उचलून तिला फांदीवर चढवायची आणि पलीकडे पडू द्यायची. बास बहुतेक वेळा ती पडत असतानाच घेतो. कधी हाताला दोन टिचक्या बसतात, कधी दोरी नुसती बाजूला चालू लागते. तेव्हा सैल दोरी गुंडाळून काठी जोरात मागे ओढायची. हळूबाईचं हे काम नाही, कारण टोकाला आधी रबर फाडायचं असतं, मग जबडा.

याहून सोपं हवं असेल तर सेन्को घ्या. गॅरी यामामोटो यांनी काढलेल्या कंपनीची ही रबरी कांडी. तिला ना शेपूट ना पाय. पेन्सिलीच्या जाडीची, मीठ भरून जड केलेली. मधोमध गळ टोचायचा, वजन लावायचंच नाही, पाण्यात टाकायची आणि हात गप्प ठेवायचा. बुडताना तिची दोन्ही टोकं आपोआप थरथरतात. याला वॅकी रिग म्हणतात. इथे टोक उघडं असतं, म्हणून फांद्यांपेक्षा लाकडी धक्क्याच्या सावलीत बरी. मुलांना मी हीच देते. वाईट एवढंच की मिठामुळे ती इतकी नाजूक असते की एक-दोन माशांत तुटते. पाकीट बघताबघता संपतं.

काकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जगातले सगळ्यात मोठे बास रबरी अळीवर मिळालेलेच नाहीत. जॉर्ज पेरीने 1932 मध्ये जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, तो लाकडी आमिषावर. (आणि घरी नेऊन खाल्ला. मंदीचे दिवस होते.) त्याची बरोबरी 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी केली, ब्लूगिल नावाचा जिवंत मासा लावून. खुद्द टेक्सासचा विक्रम, 18.18 पौंड, 1992 मध्ये लेक फोर्कमध्येच झाला, तोही जिवंत छोट्या माशावर. तो गृहस्थ बास धरायला गेलाच नव्हता, क्रॅपी नावाचे लहान मासे धरत होता! तेव्हा विक्रम हवा असेल तर माझं ऐकू नका. शनिवारी सकाळी चार तास मोकळे आहेत आणि अडगळीतून दोन-तीन पौंडांचे बास काढायचे आहेत, एवढीच इच्छा असेल तर ऐका.

ही अळी जन्मली मात्र स्वयंपाकघरात. ओहायोमधल्या अक्रन गावात निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी 1949 मध्ये घरच्या स्टोव्हवर व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून ती साच्यात ओतली. पुढे क्रीमचा धंदा टेक्सासमधल्या टायलरला आला. लेक फोर्क तेव्हा नव्हताच, पण धरणांचे, बुडालेल्या झाडांचे तलाव होते, आणि गळ लपवून टाकायची ही पद्धत टेक्सासच्याच नावाने रूढ झाली.

घटक आजही साधारण तेच. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं द्रव, दोन्ही एकत्र तापवायचं. हे द्रव अळीत पुरतं बांधलेलं नसतं, सावकाश बाहेर झिरपत राहतं. म्हणून अळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. कडक प्लास्टिकच्या काही आमिषांशेजारी उन्हाळाभर गाडीत राहिल्या तर दोघांचा चिकट लगदा होतो. काळी आणि पांढरी एकत्र ठेवलीत तर पांढरी उरत नाही.

रंगांवर लोक तासन् तास बोलतात. मी दोन मिनिटांत आटोपते. पाणी नितळ असेल तर ग्रीन पंपकिन, म्हणजे शेवाळी तपकिरी. गढूळ असेल तर काळा-निळा. दुकानातले बाकीचे रंग माणसं धरायला टांगलेले असतात.

आता ज्या गोष्टीवर मला कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. हे प्लास्टिक आहे. फाटलेली अळी पाण्यात टाकली तर ती कुजत नाही, फुगते. तळाशी पडलेली मासे गिळतात, आणि ती पोटात विरघळत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात 2013 मध्ये रबरी आमिषांवर बंदीचं विधेयक आलं होतं. ते मंजूर झालं नाही, पण मुद्दा खोटा नव्हता. धक्क्यांवर फाटक्या अळ्या फेकून जाणारे रोज दिसतात, आणि हेच लोक पाणी स्वच्छ राहिलं नाही म्हणून कुरकुरतात. मी कमरेला झिपची पिशवी बांधते, तुकडे त्यात, माझे आणि दुसऱ्यांचेही. अळी फांदीत अडकून तुटते तेव्हा मात्र इलाज नसतो, ती तळालाच राहते. जिवंत गांडुळाच्या बाजूने हा मुद्दा खरा वजनदार आहे, आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. टोक नीट लपवलं तर कमी अडकतात, कमी तुटतात, एवढंच म्हणता येतं.

"मग खाता का?" हा पुढचा प्रश्न असतोच. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही, कायदा आहे. त्याच मापाचे मासे पुढे थोराड होतात. बाकीचे ठेवता येतात, पण मी सोडते. खायला मला कॅटफिश आवडतो, आणि त्याला हे रबराचे लाड लागत नाहीत.

राहिले काका. ते परत निघताना हटकून म्हणतात, "एक पाकीट दे बरं, सांगलीला भाचा आहे, त्याला मरळीचा नाद." काका, चालेल. मरळही गवतात, जलपर्णीत लपते, त्यामुळे लपवलेला गळ तिथेही कामाचा. फक्त बासचे दात म्हणजे नुसता खरखरीत कागद, त्याच्या खालच्या ओठाला अंगठा घालून मी त्याला उचलते. मरळीचे दात खरे आहेत. भाच्याला असं उचलू देऊ नका, आणि अळ्यांच्या पाकिटाचा एका सकाळीत फडशा पडेल हे धरून चाला. त्यापेक्षा पोकळ रबरी बेडूक न्या. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, जलपर्णीवरून ओढला तरी अडकत नाही, आणि मरळीने जबड्यात दाबला की पोट आत जाऊन टोकं वर येतात. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला तर त्याखाली आईबाप राखण करत असतात. ते हमखास झडप घालतात, म्हणून तर लोक तिथे टाकतात. भाच्याला सांगा, तिथे टाकायचं नाही.