तांबड्या मातीचा करडा रंग

रविवार, रात्री

सकाळी तालमीत कॅमेरा घेऊन गेलो होतो. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पोरांचा सराव चाललेला. रंगीत फोटोत तिथं सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती तांबडी माती, मग भिंतीचा निळा ऑइलपेंट, मग कुणाचा तरी भगवा लंगोट. पैलवान सगळ्यात शेवटी. तेच ब्लॅक अँड व्हाइट केलं की मानेची ताठलेली शीर दिसते, मोडलेला कान दिसतो, घामाला चिकटलेला मातीचा कण अन् कण दिसतो. एका पोरानं स्क्रीनवर डोकावून विचारलं, "दादा, कॅमेऱ्यातला रंग संपला काय?"

रंग काढला म्हणजे काम झालं असंही नाही. माती आणि गव्हाळ अंग करड्यात जवळजवळ सारखंच उतरतं, पैलवान मातीत हरवतो. पूर्वी रोलवर फोटो काढणारे लेन्सवर लाल काच लावून तांबडं उजळ करायचे, हिरवी लावून गडद. आता तेच कॉम्प्युटरवर होतं. पण इथं माती आणि अंग दोन्ही एकदमच उजळ नाहीतर गडद होतात, त्यामुळं खिडकीतून येणारा तिरपा उजेडच खरा उपयोगाचा. तो आठ वाजेपर्यंतच असतो.

पणजीच्या फोटोत तिचं कुंकू काळं कुळकुळीत आहे. लहानपणी वाटायचं, तेव्हा काळंच कुंकू लावत असतील! त्या वेळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटांना लाल दिसायचंच नाही, म्हणून ते काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तोही याचमुळं, फोटोच्या कागदाला तो दिसत नाही. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात कॅमेरा बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' सिनेमा काढला, तेव्हाच्या फिल्मचीही हीच गत. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. कुठल्या शालूचा पडद्यावर काय रंग होईल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आधीच पक्का असणार, असं आपलं मला वाटतं.

जोतिबाची चैत्र यात्रा मात्र मी रंगीतच काढणार. गुलाल करडा झाला की नुसता धुरळा उरतो, त्याला काय अर्थ?

पोरांना व्हॉट्सॲपवर रंगीतच फोटो पाठवले, त्यांना तेच हवे होते. वस्तादांनी मात्र एक ब्लॅक अँड व्हाइट निवडला. मोठा करून दे म्हणाले, तालमीत जुन्या पैलवानांच्या रांगेत लावायचाय. उद्या फ्रेमवाल्याकडं जायला पाहिजे.