उजव्या दिव्यातलं पाणी

फॉगच्या, म्हणजे धुक्यासाठी लावलेल्या जोडीतल्या, उजव्याच दिव्यात दर वेळी पाणी भरायचं. डावा कोरडा ठणठणीत. दिवा बदलला, तरी उजवाच. अख्खी जोडी नवी घातली, तरीही उजवाच. नानांनी पिकअप माझ्या दुकानासमोर लावली आणि खाली उतरायच्या आधी खिडकीतूनच म्हणाले, "मिस्त्री, गाडीला कायतरी बाधा झालीया. फॉगला लिंबू-मिरची बांधू काय?"

आजऱ्यात संकेश्वर-बांदा रस्त्याला माझं वायरिंगचं दुकान आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे जे येतं ते ओलं येतं. हॉर्न घोगरा होतो, सेल्फ दगा देतो, इंडिकेटर लावला की वायपर हलतो. यातलं बरंचसं पाण्यापेक्षा टेपमुळे होतं, हे माझं ठाम मत आहे. या देशात काळी टेप बनवणं बंद झालं तर निम्म्या गाड्या नीट चालतील आणि निम्मे वायरमन घरी बसतील.

नाना गडहिंग्लजकडून भाजी भरून रात्री आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरतात. आंबोलीत वर्षाला साधारण 7,000 मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत रात्री दोन वाजता त्या घाटात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही. तिथं हेडलाईट उपयोगाचा नसतो. हाय बीम टाकला तर उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून डोळ्यांत परत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. फॉगचा दिवा बंपरमध्ये खाली असतो. त्याचा उजेड आडवा पसरतो आणि वरून कापलेला असतो. चालकाच्या नजरेच्या पातळीत तो चढतच नाही, म्हणून परत येत नाही. रस्त्याकडेची पांढरी पट्टी आणि कठड्याचा पायथा एवढं दिसलं की नानांचं भागतं. पोरं नाक्यावर मिरवायला जे लावतात, ते दिवे वेगळे.

तर उजव्या दिव्यात दोन बोटं पाणी. गाडी हलली की आत डुचमळत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण काचेवर जरा वाफ दिसली की लोक घाबरून दुकानात येतात. पावसात काचेच्या आतून धुरकट थर येणं हा दोष नव्हे. दिवा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवला की तो जातो. थेंब ओघळून तळाशी साचले आणि दिवा तापूनही गेले नाहीत, तर मात्र आत पाणी शिरतंय. एलईडीवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. एलईडीची काच फारशी तापत नाही, त्यामुळे साधी वाफसुद्धा दिवसभर हटत नाही.

नानांची जोडी बाहेरून बसवलेली होती. एच-3 जातीचा हॅलोजन बल्ब, 55 वॉटचा. या बल्बची तार दिव्याच्या पाठीतल्या रबरी बुचातून आत जाते आणि आतच पत्तीला जोडली जाते. हल्लीच्या कंपनी फिटिंगमध्ये एच-8, एच-11 बल्ब असतात. त्यांचा कपलर, म्हणजे तारेचा प्लग, बाहेर राहतो आणि बल्ब ओ-रिंगसकट, म्हणजे रबरी कड्यासकट, फिरवून बसतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

दिवा उतरवला. ज्याने बसवला होता त्याने कष्टात कसूर केली नव्हती, हे मान्य करायला हवं. काचेच्या कडेनं सिलिकॉन, बुचाभोवती सिलिकॉन आणि पाठीवर खालच्या बाजूला जी बारीक नळी असते तिच्या तोंडातही सिलिकॉनचा गोळा. पहिल्या दिव्यात पाणी शिरलं म्हणून दुसरा बसवताना त्याने सगळी भोकं बुजवली. तिसरा बसवताना आणखी जाड थर दिला. नाना म्हणाले, पहिला भरायला जवळजवळ महिना लागला, दुसरा आठवड्यात भरला, हा तर चार दिवसांत. जितका बंदोबस्त पक्का, तितकं पाणी लवकर. मी तिथंच थांबलो. दिव्यात खोट असती तर दिवा बदलल्यावर गेली असती, आणि सील कमी पडत असतं तर सिलिकॉन वाढल्यावर पाणी कमी व्हायला हवं होतं.

ती नळी म्हणजे दिव्याचं नाक. बल्ब पेटला की आतली हवा तापते, फुगते आणि नळीतून बाहेर पडते. विझला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत येते. नळी बंद केली म्हणून हवेचं फुगणं-आकसणं थांबत नाही. तापलेल्या दिव्यावर घाटातल्या डबक्याचं गार पाणी उडालं की आत चांगलीच ओढ तयार होते, आणि ती ओढ वाट शोधते. इथं तर सगळ्या वाटा बुजवलेल्या. मग पाणी येतंय कुठून?

बंपरच्या आत हात घालून तार चाचपत गेलो. दिव्यापासून वीतभर अंतरावर जोड लागला. दोन तारा सोलून एकमेकींना पिळलेल्या, वर टेप. टेपचा डिंक केव्हाच वितळून ती ढिली झाली होती आणि जोड बंपरच्या अगदी तळाशी लोंबत होता. तिथं चाकाचं पाणी थेट येतं. टेप सोडली तर आतून पाणीच निथळलं. तांबं हिरवंगार. कापून मागे आलो, तिथंही आत काळं. आणखी कापलं, तरी काळं. लखलखीत तांबं दिसायला दीड वीत तार फेकावी लागली. पाणी जोडाशी थांबलं नव्हतं, प्लास्टिकच्या आतून तारेच्या केसांमधून पुढे चालत गेलं होतं. वातीत तेल चढतं तसं. मग दिव्याकडेही ते तसंच गेलं असणार.

डावीकडे पाहिलं. तिथंही तसाच पिळलेला जोड, तशीच टेप, दिव्याला तेवढंच सिलिकॉन. फक्त त्या बाजूला तार लांब होती म्हणून कोणीतरी ती वर, रेडिएटरच्या आडव्या पट्टीला बांधली होती. डावा दिवाही तारेतूनच श्वास घेत होता, पण कोरड्या जागेतून.

माझ्या हाताखालच्या पोराला हे पटेना. "तारेतनं पाणी? तार काय पोकळ असत्या व्हय?" नानाही हसले. मग मीही हट्टाला पेटलो. उजव्या दिव्यातलं पाणी काढून तो पुसून सुकवला आणि सगळं सिलिकॉन तसंच ठेवलं. त्याच्या दोन्ही तारांची तोडलेली टोकं काचेच्या ग्लासात बुडवली. ग्लासात पाणी आणि त्यात समोरच्या दुकानातून आणलेली कपड्यांची नीळ. मग तारेवरची प्लास्टिकची स्लीव्ह गरम करून आवळायची हीट गन लांबून काचेवर फिरवत राहिलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. पोरगं जांभई द्यायला लागलं. आणि मग तारेच्या टोकातून बुडबुडा सुटला. मागोमाग दुसरा, मग बारीक माळच लागली. ग्लासाभोवती चहावाला, नाना, पंक्चरवाला सगळे वाकून बघत होते. गन बंद केली, काचेवर ओलं फडकं टाकलं आणि बाकीच्या कामाला लागलो. दुपारी बुच उघडलं तर आत बल्बच्या पत्तीपाशी निळा थेंब लोंबत होता आणि खाली रिफ्लेक्टरवर निळा ओघळ.

इतकी वर्षं मी हिरव्या तारा कापत आलोय, पण पाण्याला असं तारेतून जाताना समोर बसून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात दुसरं फार काम झालं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

पुढचं काम नेहमीचं, पण जिथं लोक हमखास घोळ घालतात तेवढं सांगतो.

रिफ्लेक्टरला फडकं लावायचं नाही. तो चकाकी देणारा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की एकदा पुसला की निघून येतो, मग नवा बल्ब घालूनही दिवा आंधळाच. मी तो डिस्टिल वॉटरने खळबळून घेतला, झटकला आणि खोक्यात जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावून त्यात ठेवला. जुलैत आजऱ्यात ऊन कुठून आणणार? नळीतला सिलिकॉनचा गोळा टोकरून काढला, तिला पेट्रोलच्या बारीक पाइपचा तुकडा जोडला आणि त्याचं तोंड खाली, बंपरच्या आडोशाला वळवलं. तोंडात स्पंजचा कपटा घातला, धुळीसाठी. एच-3 बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हे पोराला शंभरदा सांगून झालंय.

तार नवी टाकली ती थेट रिलेपासून, म्हणजे दिव्यांचा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीपासून. मध्ये जोड नाहीच. टोकाला टर्मिनल दाबून वर झाळलं, त्यावर आतून डिंक असलेली स्लीव्ह आवळली. दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली झोळ सोडला, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. याला एक पैसा लागत नाही आणि तरीही कोणी करत नाही. रिले उताणा बसवला होता, तो पालथा केला. फ्यूज काढून पाहिला तर 30 ॲम्पियरचा. 55 वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-साडेनऊ ॲम्पियर घेतात, 15 चा फ्यूज पुरतो. 30 चा घातला की फ्यूजऐवजी तार जळते. आधीच्याचा फ्यूज वारंवार उडत असणार, आणि त्याने कारण शोधण्याऐवजी फ्यूजच तगडा केला.

मीटरबद्दल तर बोलायलाच हवं. नानांनी वाटेत एका वायरमनला गाडी दाखवली होती. त्याने कपलर काढून मीटर लावला, 12.4 व्होल्ट दिसलं आणि "करंट बरोबर हाय" म्हणून गाडी परत पाठवली. अहो, तारेचे सगळे केस कुजून एक जरी शिल्लक असला तरी मीटर पूर्णच व्होल्टेज दाखवणार. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. दिवा पेटलेला असताना मोजायला हवं. मी जुन्या तारेवर, इंजिन चालू ठेवून, चांगल्या बल्बचा लोड देऊन मोजलं. बॅटरीवर 13.8 आणि उजव्या दिव्यावर 10.9. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे दिव्यात पाणी नसतं, तरी नाना घाटात निम्म्याहून कमी उजेडात उतरत होते. नवीन तारेवर 13.5 मिळालं. अर्थची तारही बदलली. गंजलेल्या बोल्टवरून काढून चेसिसला रंग खरवडून दातेरी वॉशरसकट लावली. निम्मे "फॉग खराब" हे खरे अर्थ खराब असतात, पण अर्थ विकून कोणाला पैसे मिळत नाहीत.

संध्याकाळी बिल सातशे सांगितलं. नानांचा चेहरा उतरला. "सातशे? दिवा तर जुनाच हाय. निस्ती वायरच घातलीसा की." पाणी भरणाऱ्या जोड्यांचे पैसे त्यांनी दुकानात मुकाट्यानं मोजले होते, कारण हातात खोकं मिळत होतं. मी काही बोललो नाही. निळा थेंब त्यांनी स्वतः पाहिला होता, त्याहून जास्त मी काय सांगणार? शेवटी सहाशे दिले. डाव्या बाजूचाही जोड काढू का विचारलं, तर म्हणाले, "चाललंय ते ऱ्हाऊ दे. त्याला कशाला हात लावायचा?" तो दिवा आजही बुजवलेल्या नाकानं चाललाय. पट्टीला बांधलेली ती तार कधी सुटली की तोही भरेल.

महिन्याभराने ज्या दुकानातून नानांनी दिवे घेतले होते त्या दुकानदाराचा फोन आला. नानांनी त्याला जाऊन सगळं ऐकवलं होतं. माणूस वाईट नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मी नळीचं सांगितलं, जोडाचं सांगितलं, नीळ घालून करून बघ म्हटलं. जोड झाळून द्यायला तो लगेच तयार झाला, स्लीव्ह कुठली वापरता तेही विचारलं. नळीवर मात्र अडला.

"मिस्त्री, तुमचं खरं असंल. पण नळी उघडी ठेवली की गिऱ्हाईक दिवा फिरवून बघतंय आणि म्हणतंय, ह्याला तर भोक हाय, फुटका माल दिलासा. सिलिकॉन मारलं की खूश. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी त्याला म्हटलं, नळीवर काळा पाइप चढवून दे, म्हणजे भोक दिसणार नाही आणि पाइप काहीतरी जास्तीचं वाटेल. तो हसला आणि म्हणाला, मग पाइपचे पन्नास वेगळे लावतो. लावले असतील तर लावू देत. परवा त्याच्याकडून दिवे बसवलेली एक जीप दुकानात आली. हॉर्नचं काम होतं, पण मी आधी खाली वाकून नळी पाहिली. एका बाजूला पाइप होता, दुसऱ्या बाजूला सिलिकॉन.