सरळ लावलेली फळी

पोलीस ठाण्यातून कॉलेजात आलेल्या पत्रात तीन प्रश्न होते. जप्त केलेल्या खेळाच्या साहित्यात काही फेरफार केलेला आहे काय? सदर खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा? आणि सोबत जप्त केलेल्या पाणसळीचा, म्हणजे सपाटी तपासायच्या साधनाचा, उपयोग फसवणुकीसाठी होतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली आणि ती बरोबर आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिसऱ्यावर मात्र मी अजून अडकून पडले आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत काही फुटत नाही, पेटत नाही, वास येत नाही. कॅल्क्युलेटर, तक्त्यांची पुस्तकं, चार जुने संगणक आणि जर्नलच्या गठ्ठ्यांवर आमचं वर्ष निघतं. त्यामुळे कापडात गुंडाळलेला, लाखेचं सील मारलेला तीन फुटी लाकडी मुद्देमाल टेबलावर आला तेव्हा सगळा विभाग भोवती जमला. विभाग म्हणजे मी आणि तासिका तत्त्वावर काम करणारी माझी तरुण सहकारी. या प्रकरणात सगळ्यात जास्त राबली ती. सुट्टीत केलेल्या या कामाचा तिला एक रुपया मिळाला नाही, कारण तासिका नाही तर मानधन नाही. असल्या माणसांच्या जोरावर कॉलेजं चालतात आणि ते कुणालाच खटकत नाही.

कोर्टाची परवानगी होती. पंचांसमोर हवालदारांनी सील उघडलं आणि आतून निघाली ती यात्रेत गोळी टाकण्याच्या खेळाची फळी. वर पत्र्याचं नरसाळं. खाली पितळी खिळ्यांच्या आठ ओळी. प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या फटींखाली येईल अशी बसवलेली. त्याच्या खाली नऊ कप्पे, पुढे काच. गोळी म्हणजे अर्ध्या इंचाचा बेअरिंगचा छर्रा. तो नरसाळ्यात टाकायचा, तो खिळ्यांवर आपटत डावीकडे-उजवीकडे करत खाली येतो आणि एका कप्प्यात पडतो. गोळीला दहा रुपये. मधल्या तीन कप्प्यांना काही नाही. त्यांच्या शेजारच्या कप्प्याला दहा परत, त्यापलीकडच्याला तीस, आणि अगदी कडेच्या दोन्ही कप्प्यांना दोनशे. आकडे ऑइलपेंटने रंगवलेले होते आणि दोनशेचा आकडा हाताच्या पंजाएवढा.

आमच्या विषयात या फळीला गाल्टनची फळी म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने ती १८७३ मध्ये लंडनमध्ये बनवून घेतली आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात दाखवली. पाठ्यपुस्तकात तिचं चित्र असतं. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. खरीखुरी फळी मात्र मी एका हवालदाराच्या हातात पाहिली.

आता गणित. प्रत्येक खिळ्यावर गोळी डावीकडे किंवा उजवीकडे जाते, म्हणजे आठ ओळींत २५६ वाटा. त्यातली फक्त एक वाट अगदी डाव्या कप्प्यात उतरते आणि एक अगदी उजव्या. मधल्या एकट्या कप्प्यात ७० वाटा उतरतात आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांत प्रत्येकी ५६. म्हणजे २५६ पैकी १८२ गोळ्यांना काहीच मिळत नाही. दोनशेचे दोन कप्पे, तिसाचे दोन, परताव्याचे दोन, सगळं धरून हिशेब केला तर १०० रुपये लावणाऱ्याला सरासरी ५६ रुपये परत मिळतात. खेळणाऱ्याला मात्र नऊपैकी सहा कप्प्यांवर पैसे लिहिलेले दिसतात. कप्पे सारख्या रुंदीचे आहेत म्हणून संधीही सारखी, असं कुणालाही वाटेल. फसवणूक म्हणायचीच असेल तर ती इथे आहे, पण पत्रातला एकही प्रश्न याबद्दल नव्हता.

पहिला प्रश्न फेरफाराचा. भौतिकशास्त्राच्या सरांकडून होकायंत्र आणलं आणि फळीच्या मागून, बाजूंनी, कप्प्यांखालून फिरवलं. चुंबक कुठेही नव्हता. व्हर्निअर कॅलिपरने खिळ्यांमधली अंतरं मोजली. तिसऱ्या ओळीतला एक खिळा मिलिमीटरभर झुकलेला होता, बाकी काम इतकं नेमकं की ज्याने ते केलं त्याच्या हाताला दाद द्यावी. मग मुलं दोन दोनच्या जोडीने बसली, एक गोळी सोडणारा, एक नोंद करणारा. काही हजार गोळ्या खाली आल्या.

इथे एक गोष्ट सांगते, कारण पुस्तकात ती मिळत नाही. खरी फळी पाठ्यपुस्तकातल्या प्रमाणाप्रमाणे वागत नाही. आपण धरतो की प्रत्येक खिळ्यावर निवड नव्याने होते. पण जोरात डावीकडे उडालेला छर्रा पुढच्या खिळ्यावरही डावीकडेच जाण्याची शक्यता जास्त, कारण अंगातला वेग तो बरोबर घेऊन येतो. त्यामुळे गोळ्या शास्त्र सांगतं त्यापेक्षा जास्त पसरतात. कडेच्या कप्प्यांत अपेक्षेच्या साधारण दीडपट गोळ्या पडल्या. मुलांनी आकडे ठरलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिले, जुळले नाहीत, आणि लगेच म्हणाली, "मॅडम, फळी खोटी आहे." मी त्यांना थांबवलं. खोटेपणा तपासायचा तर आदर्शाशी तुलना करून उपयोग नाही, डाव्याची उजव्याशी करायला हवी. नऊ कप्प्यांच्या चार जोड्या होतात, अगदी कडेचे दोन, त्याच्या आतले दोन, असं मधल्यापर्यंत. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग त्यांच्या बेरजेने भागायचा आणि चारही मिळवायचे. या बेरजेला कायवर्ग म्हणतात, आणि निव्वळ योगायोगाने तो सहसा ओलांडत नाही ती मर्यादा इथे ९.४९. आमचं उत्तर तिच्या बरंच खाली राहिलं. फळी कुठल्याही बाजूला झुकत नव्हती. ही कसोटी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनची, १९०० सालची. त्याच्याही आधी, १८९४ मध्ये, त्याने माँटे कार्लोच्या जुगारघरातल्या रूलेटचे, म्हणजे फिरत्या चक्राच्या खेळाचे, छापून येणारे निकाल तपासले होते आणि ते निव्वळ योगायोगाचे असू शकत नाहीत असं लिहिलं होतं. जुगाराचं यंत्र तपासणं हे आमच्या विषयाचं मूळचंच काम आहे. ते कमीपणाचं मानणारे सहकारी मला भेटले. मला ते पटत नाही.

दुसरा प्रश्न कौशल्याचा. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, आणि त्याचं कलम १३ केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळतं. म्हणून फळीवाल्याच्या वकिलांचं म्हणणं होतं की हात बसला की कडेचा कप्पा साधतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीला खरंच वाटलं की तिला साधतंय. पहिल्या फेरीत तिच्या गोळ्या कडेला इतरांपेक्षा बऱ्याच जास्त गेल्या. वर्गात गलका झाला. तिला पुन्हा बसवलं, पुन्हा बसवलं, आणि तिचे आकडे चारचौघांसारखे झाले. वर गेलेला आकडा सरासरीकडे परत येतो हेही गाल्टननेच दाखवलेलं. नरसाळ्याच्या नळीतून बाहेर पडताना गोळीला हाताची आठवण राहत नाही. अभिप्रायात लिहिलं: खेळ नशिबाचा आहे.

आणि मग पाणसळ. गवंड्याकडे असते तशी, पिवळी, कोपरे झिजलेली. पंचनाम्यात ती "फळी सेट करण्याचे साधन" म्हणून नोंदवली होती. ठाण्यातल्या साहेबांचा तर्क सरळ होता. खेळ प्रामाणिक असेल तर मालकाला मोजमाप कशाला लागतं? त्यांनी पंचनामा मेहनतीने केला होता, अगदी कप्प्यांची रुंदीसुद्धा लिहिली होती, म्हणून त्यांना दोष देववत नाही.

आम्ही फळी मुद्दाम तिरकी केली. एका पायाखाली वही सरकवली आणि गोळ्या सोडल्या. ढीग एका अंगाला सरकला, एका कडेचा दोनशेचा कप्पा भरू लागला, दुसऱ्या कडेचा रिकामा पडला. मुलांना वाटलं, एकीकडे वाढलं तितकं दुसरीकडे कमी झालं, हिशेब तोच. पण हिशेब तोच राहत नाही. समजा प्रत्येक खिळ्यावर उजवीकडे जाण्याची शक्यता ५० ऐवजी ५५ टक्के झाली. डाव्या कडेचं जेवढं घटतं त्याच्या दुप्पट उजव्या कडेचं वाढतं. दोन्ही मिळून २५६ मागे २ गोळ्यांच्या जागी अडीच होतात. तिसाचे कप्पेही वाढतात, परताव्याचेही वाढतात, आणि खेळणाऱ्याच्या १०० रुपयांतले ५६ ऐवजी ६४ परत येतात. आमच्या खऱ्या फळीवर, जिथे पसारा मुळातच जास्त होता, सरळ असताना सत्तरच्या आसपास येत होते आणि वहीवर तिरकी केल्यावर पंचाहत्तरच्या पुढे.

म्हणजे फळी वाकडी असेल तर फायदा खेळणाऱ्याचा. फळी जितकी सरळ, तितका फायदा मालकाचा. पाणसळ होती ती फळी प्रामाणिक ठेवायला, आणि त्याच प्रामाणिकपणातून मालकाचं पोट भरत होतं.

मी अभिप्रायात तसंच लिहिलं. पाणसळीमुळे फळी सरळ राहते, सरळ राखणे हा फेरफार नव्हे, मात्र फळी सरळ असताना खेळणाऱ्याला मिळणारा परतावा सर्वांत कमी असतो. आणि कुणी विचारलेलं नसताना खाली एक परिच्छेद जोडला, १०० रुपयांमागे सुमारे ३० मालकाकडे राहतात असा. साहेबांचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्याला होय किंवा नाही लिहून द्या. कोर्टात एवढं कोण वाचणार?" मी बदल केला नाही. आपल्याकडे तज्ज्ञाचं मत मागवतात ते ठरलेल्या रकान्यात खूण करण्यासाठी, हा माझा जुना अनुभव आहे. मग ती पीक पाहणी असो की परीक्षेच्या निकालाचं विश्लेषण. खेळ खोटा आहे का, हे सगळ्यांना हवं असतं. खेळ खरा असून किती घेतो, हे विचारायला कुणी येत नाही. राज्य सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवतं. तिकीट घेणाऱ्याला शंभरातले किती परत येतात हे विचारणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

नंतर एक दिवस फळीवाले काका कॉलेजात आले. जामिनावर होते. साठीचे, स्वच्छ टोपी, दाराबाहेर चप्पल काढून आत आले. फळी त्यांच्या वडिलांनी केलेली, वडील सुतार. फेरा ठरलेला, मार्गशीर्षात पुसेगाव, पौषात पाल, चैत्रात जोतिबा, मधे गावोगावच्या लहान जत्रा.

"मॅडम, वडील एवढंच सांगायचे, फळी वाकडी लागली की धंदा बसतो. का बसतो ते त्यांनाबी ठावं नव्हतं," ते म्हणाले. "आमाला वाटायचं, देव बघतो."

मी त्यांना वहीवर २५६ वाटा काढून दाखवल्या. त्यांना त्या माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा लवकर समजल्या. आठवी ओळ मांडून व्हायच्या आत त्यांनी कडेच्या एकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे दोनशे लिवलंय, पण ह्या घरात गोळी जातच न्हाई."

"जाते, पण फार क्वचित."

मग त्यांनी विचारलं, कप्प्यांवर किती लिहावं म्हणजे लोकांना शंभरातले नव्वद परत जातील? हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, आणि तो विचारला आरोपीने. आम्ही दोघं बसलो. तिसाच्या जागी पन्नास, कडेला तीनशे, असे आकडे बदलत नव्वदच्या जवळ आलो. मग त्यांनी स्वतःहून दुसरा हिशेब मांडला. चांगल्या संध्याकाळी पाच-सहाशे गोळ्या, म्हणजे पाच-सहा हजारांचा गल्ला. त्यातले दहा टक्के म्हणजे पाच-सहाशे. जागेचं भाडं हजार. लाइटचे दीडशे, हाताखालच्या पोराचे तीनशे, टेम्पो वेगळा. तीस टक्क्यांवर दिवसाला फार तर दोन-अडीचशे हातात राहतात, दहावर खिशातले जातात. आकडे माझ्याच अक्षरात समोर होते आणि त्यांत कुठेही चूक नव्हती.

जागेचा लिलाव कोण करतं, भाडं कुणाकडे जातं, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलंही. ते नाव पंचनाम्यात नव्हतं.

प्रकरणाची पुढची तारीख लागलेली आहे. मला साक्षीला बोलावतील असं सरकारी वकील म्हणतात. बोलावलं तर तिसऱ्या प्रश्नाला मी होय म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, हे नक्की आहे. पण जागेच्या भाड्याचा हिशेब कोर्टात मांडू देतील का, हे वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तो मुद्देमाल नाही." वहीचं ते पान मी फाडून फाइलला लावून ठेवलंय.